माशाच्या स्लाइडवर एक क्रोमोसोम जास्त दिसला तर काय करायचं

बडोद्यात झूलॉजीची एमएससी करताना मी रोहूच्या एका पेशीत ५१ क्रोमोसोम (गुणसूत्रं) मोजले. रोहूचे असतात ५०. त्याच संध्याकाळी दांडिया बाजारातल्या घरी येऊन आईला, काकूला, सगळ्यांना सांगून टाकलं की मला बी क्रोमोसोम सापडला. दुसऱ्या दिवशी बाकीच्या पेशी मोजल्या तर सगळीकडे ५० नाहीतर ४८-४९, आणि तो एक्कावन्नावा शेजारच्या फुटलेल्या पेशीतून वाहत आलेला निघाला. तुमचं तसं होऊ नये म्हणून सगळं नीट लिहितेय.

बी म्हणजे काय ते आधी. नेहमीच्या जोड्यांना ए म्हणतात, आणि त्यांच्यावर जे जादा असतात, एकाच जातीच्या काही माशांत असतात काहींत नसतात, नसले तरी माशाचं काही अडत नाही, ते बी. १९०७ मध्ये विल्सनने असे जादा क्रोमोसोम एका ढेकणाच्या जातकुळीतल्या किड्यात पाहिले, बी हे नाव १९२८ मध्ये रँडॉल्फने मक्यावर काम करताना दिलं. गोड्या पाण्यातल्या माशांत ब्राझीलचा प्रोकिलोडस लिनिएटस बघा, नेहमीचे ५४ आणि वर बारीक ठिपक्यांसारखे बी. त्याच देशातल्या अॅस्टियानॅक्स स्कॅब्रिपिनिसमध्ये मात्र बी सगळ्यात मोठ्या ए एवढा लांबलचक असतो. म्हणजे आकारावरून ओळखायला जाऊ नका.

आता कामाचं. मासा जिवंतच लागतो, बाजारातला बर्फातला काही कामाचा नाही. हॅचरीतून बोटभर लांबीची पिल्लं आणा आणि कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्या. ०.०५ टक्के कोल्चिसिन, १०० ग्रॅम वजनाला १ मिली या हिशोबाने पोटात टोचायचं आणि दीड-दोन तास हवा सोडलेल्या पाण्यात मासा ठेवायचा. कोल्चिसिनने पेशीतला स्पिंडल, म्हणजे क्रोमोसोम दोन बाजूंना ओढणारे धागे, बनत नाही, त्यामुळे विभाजन मेटाफेजला, म्हणजे क्रोमोसोम आखडून ठळक दिसतात त्या टप्प्यावर, अडकून राहतं आणि तेव्हाच क्रोमोसोम मोजता येतात. विषारी आहे, ग्लोव्ह्ज घाला. मग लवंगाच्या तेलाचा जास्त डोस देऊन मासा शांतपणे जाऊ द्यायचा आणि डोक्यामागे कण्याला चिकटलेलं गडद लाल मूत्रपिंड काढायचं, तिथे रक्तपेशी तयार होत असतात म्हणून विभाजन भरपूर मिळतं.

ते ०.५६ टक्के पोटॅशियम क्लोराइडमध्ये कुस्करून २५-३० मिनिटं, पेशी फुगतात. मग सेंट्रिफ्यूज, मग तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग अॅसेटिक अॅसिडचं थंड, ताजं फिक्सेटिव्ह, तेही तीनदा बदलायचं. स्वच्छ स्लाइडवर वरून थेंब टाकायचा, वाळला की ५ टक्के जिम्सा हा रंग १५-२० मिनिटं. बडोद्याच्या मे महिन्यात थेंब इतक्या पटकन वाळतो की क्रोमोसोम पसरतच नाहीत, गोळा होऊन बसतात, आणि पावसाळ्यात उलटं, हळू वाळून पेशी फुटतात आणि क्रोमोसोम भटकतात. मी उन्हाळ्यात स्लाइडखाली ओला टिश्यू ठेवायचे, फरक पडतो.

मोजणी हा खरा भाग, इथे घाई नको. १००च्या ऑइल लेन्सखाली एका माशाच्या कमीत कमी ३० अखंड पेशी मोजा, शेजारी दुसरी पेशी फुटलेली असेल तर ती जागा सोडून द्या. एक-दोन कमी येणं नेहमीचं आहे, तयारी करताना हरवतात. जास्तीचा पुन्हा पुन्हा आला तरच पुढे जा. पण तेव्हाही तो बीच असेल असं नाही, एखाद्या साध्या क्रोमोसोमची तिसरी कॉपी असू शकते. म्हणून फोटो काढून जोड्या लावा, ज्याला कुठल्याच जोडीत जागा नाही तो संशयित. सी-बँडिंगमध्ये, म्हणजे क्रोमोसोमचे घट्ट गुंडाळलेले भाग गडद दाखवणाऱ्या रंगपद्धतीत, बरेच बी पूर्ण गडद दिसतात, पण सगळे नाही. माझ्या मते खरा पुरावा नराच्या वृषणात मिळतो, मायोसिसमध्ये, म्हणजे शुक्रपेशी किंवा अंडं बनवणाऱ्या विभाजनात, बी कुठल्याही ए-बरोबर जोडी लावत नाही, एकटा राहतो नाहीतर दुसऱ्या बीबरोबर बसतो.

उपयोग नसेल तर तो टिकतो कसा, हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. १९४५ मध्ये ऑस्टरग्रेनने सरळ म्हटलं की हे परजीवी आहेत, स्वतःची वाटणी अर्ध्याहून जास्त करून घेतात. अंडं तयार होताना मायोसिसमध्ये अर्धे क्रोमोसोम अंड्यात जातात आणि अर्धे फेकून द्यायच्या पोलर बॉडीत, बी अंड्याच्या बाजूला सरकला की जिंकला. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या काही सिक्लिड माशांमध्ये बी फक्त माद्यांत मिळतो, हे त्या हिशोबात चपखल बसतं. अॅस्टियानॅक्स मेक्सिकॅनसमध्ये उलटं, तिथे २०२१ मध्ये दाखवलं गेलं की नरांतल्या बीवर जीडीएफ६बी या जीनच्या कॉपी आहेत आणि त्यांच्यामुळे मासा नर होतो. म्हणजे ज्याला आपण फुकटा समजत होतो तोच लिंग ठरवायला बसला. आणि अॅस्टाटोटिलापिया लॅटिफॅशिएटा या सिक्लिड माशाच्या बीचा डीएनए वाचला तेव्हा त्यात जवळपास प्रत्येक ए क्रोमोसोमचे तुकडे निघाले, बहुतेक मोडके, थोडे जीन मात्र शाबूत, जणू घरातल्या प्रत्येक जुन्या साडीचा तुकडा जोडून शिवलेली गोधडी.

हे सगळं डीएनए वाचल्यावरच कळतं, स्लाइडवर नाही. म्हणून मासा कापला की लगेच शेपटीच्या पराचा तुकडा अॅब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये टाकून ठेवा, आत माशाच्या नंबरची चिठ्ठी आणि तो नंबर पेन्सिलनेच लिहिलेला, पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळून जाते.