पोर गाडीत अडकलं तर आधी काच, मग चावीवाला

मी नागपुरात गाड्यांच्या चाव्या बनवतो. सक्करदऱ्याला छोटीशी टपरी आहे. लॉक झालेल्या गाड्या उघडणं हा माझा धंदा, आणि तरीही सांगतो, आत लहान मूल असेल तर माझी वाट बघू नका.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात भर दुपारी दीडला एका ताईंचा फोन आला. "दादा, लवकर या, चावी आत राहिली." आत कोणी आहे का विचारलं, तर रडायलाच लागल्या. अडीच वर्षांची मुलगी मागच्या सीटवर, हातात रिमोट. गप बसावी म्हणून खेळायला दिलेला. ताई डिक्कीत पिशव्या टाकायला उतरल्या, डिक्की लावली, तेवढ्यात पोरीनं बटण दाबलं. मी म्हटलं, "मला यायला पंचवीस मिनिटं लागतील ताई, काच फोडा." तर म्हणाल्या, "नवीन गाडी आहे हो, हे ओरडतील."

शेवटी फोन बाजूच्या ऑटोवाल्याला द्यायला लावला. त्यानं पाना काढला. मी पोचलो तेव्हा पोट्टी रसवंतीच्या पंख्याखाली बसली होती, केस कपाळाला चिकटलेले, आणि ताई सीटवरचे काचेचे तुकडे गोळा करत होत्या.

घाई का, तर ऊन काचेतून आत येतं, डॅशबोर्ड आणि सीट तापतात, त्यांनी हवा तापते आणि त्या हवेला बाहेर जायला वाट नसते. पहिल्या दहा मिनिटांतच आतलं तापमान साधारण 10 अंशांनी चढतं. म्हणजे बाहेर 43 असेल तर तुमची एक प्लेट तर्री-पोहे संपेपर्यंत आत 53. काच दोन बोटं खाली ठेवली तरी फारसा फरक पडत नाही. झाडाखाली लावली म्हणाल, तर सावली सरकते. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाचं अंग तीन ते पाच पट वेगानं तापतं. शरीराचं तापमान 40 च्या वर गेलं की उष्माघात. एसी चालू ठेवून "आलोच" म्हणणारेही बरेच भेटतात. इंजिन बंद पडलं की तो एसी गेला, आणि चालू गाडीत एकटं पोर काय काय दाबेल याचा नेम नाही.

मूल अडकलं तर एकानं 112 ला फोन लावायचा. रिमोट मुलाच्याच हातात असेल तर काचेतून खुणावून बटण दाबायला सांगून बघा, पण हे दुसरा माणूस पाना आणेपर्यंतच. दुसरी चावी दोन-चार मिनिटांत हातात येत असेल तर ठीक. मूल रडायचं थांबलं, सुस्तावलं, तर तेवढंही थांबू नका. गप झालं म्हणजे झोपलं, असं समजून लोक फसतात.

काच कोणती? मुलापासून सगळ्यात लांबच्या दाराची. समोरची मोठी काच कधीच नाही. तिच्या दोन थरांमध्ये प्लास्टिक असतं, तडे जातात पण ती पडत नाही. मागची तिकोनी काच छोटी म्हणून स्वस्त असेल असं वाटतं, पण पुष्कळ गाड्यांत तीच महाग पडते. दाराच्या काचेच्या मधोमध दगड घालू नका. तिथे काच लवते आणि दगड उलटून तुमच्याच अंगावर येतो. खालच्या कोपऱ्यात, कडेजवळ, टोकदार वस्तूनं जोरात मारा: पान्याचं टोक, हातोडी, जे मिळेल ते. जवळ टू-व्हीलरचा मेकॅनिक असेल तर जुन्या स्पार्क प्लगची पांढरी चिनी माती फोडून तिचा तुकडा जोरात फेकायला सांगा, काचेचा चुरा होतो. हाताला टॉवेल गुंडाळा, तोंड फिरवा. काही नव्या गाड्यांत दाराची काचही प्लास्टिकच्या थराची असते. फुटली नाही तर दुसरीवर जा. अलार्म बोंबलला तर बोंबलू द्या.

बाहेर काढलं की सावलीत न्या, कपडे काढा, अंगावर गार पाणी ओता आणि वारा घाला. शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी. ग्लानीत असेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा, 108 ला बोलवा आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत पाणी ओतत राहा. तापाचं औषध देऊ नका, या तापावर ते चालत नाही.

मुळात चावी हे खेळणं नव्हे. मूल मागे झोपलेलं असेल तर आपला मोबाईल किंवा पर्स त्याच्या शेजारी ठेवायची, म्हणजे उतरताना मागचं दार उघडावंच लागतं.

आपल्याकडे दुसरा धोका मात्र उघड्या राहिलेल्या उभ्या गाडीचा, पोरं स्वतःच आत शिरतात. 2023 च्या जूनमध्ये नागपुरातच तीन लहान मुलं बेपत्ता झाली, शोधाशोध झाली, आणि दुसऱ्या दिवशी ती घराजवळच उभ्या असलेल्या गाडीत मृत सापडली. म्हणून गाडी दारात असली तरी लॉक करा. बंद पडलेली, विकायला काढलेली असली तरीसुद्धा. मागच्या दारांना चाइल्ड लॉक असेल तर ती आतून उघडत नाहीत. मुलांना पुढच्या सीटवर येऊन हँडल ओढायला आणि हॉर्न दाबायला शिकवा. बहुतेक गाड्यांचा हॉर्न चावी नसतानाही वाजतो. मी माझ्या भाच्याकडून रविवारी सकाळी हे करून घेतो, शेजारी शिव्या घालतात.

मोहल्ल्यातलं पोर दिसेना झालं की लोक विहीर बघतात, टाकं बघतात. त्याच वेळी दोघांनी गल्लीतल्या गाड्या बघायच्या. काळ्या काचांना डोळा लावून, आणि डिक्की उघडून.