वृद्धाश्रम बघायला जाताय? मग संध्याकाळी सातनंतर जा

आमची आत्ती (आत्या) ८१ वर्षांची, मूलबाळ नाही, मामा म्हणजे तिचे यजमान गेल्यावर कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरात एकटीच असायची आणि दोनदा बाथरूममध्ये पडल्यावर आम्ही वृद्धाश्रम शोधायला लागलो. पहिला आम्ही बघितला रविवारी सकाळी अकरा वाजता, मॅनेजरनी बाग दाखवली, देवघर दाखवलं, चहा पाजला, आम्ही खूश होऊन डिपॉझिट भरून आलो. तिथं काय चुकलं ते पुढं सांगतो, नाव मात्र सांगणार नाही. तुम्ही ती चूक करू नये म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे जायचं ज्याला आहे त्याला विचारा. हसू नका, आमच्याकडं सगळ्या भावंडांची मीटिंग झाली आणि आत्तीला शेवटी कळलं. माणूस म्हातारा झाला म्हणून त्याचा होकार-नकार संपत नाही, विसरभोळेपणा असला तरी खोली कुठली, शेजारी कोण, सोबत काय न्यायचं एवढं तर सांगता येतंच. दोन-तीन ठिकाणं त्यांना स्वतः दाखवा, जमलं तर आठ दिवस राहून बघू दे आणि मग ठरवा.

आता बघायला कधी जायचं? संध्याकाळी सातनंतर, न सांगता. दिवसा सगळीकडं मावश्या (सांभाळणाऱ्या बायका) दिसतात, खरा हिशोब रात्रीचा असतो. सरळ विचारायचं, रात्री किती माणसं ड्यूटीवर आणि किती म्हाताऱ्यांसाठी, नर्स आहे का नुसत्या मावश्या, बेल वाजवली तर कोण येतं. आणि ती बेल हातात घेऊन स्वतः वाजवून बघा, लाजायचं काय त्यात. आमच्या पहिल्या ठिकाणी बेल होती पण खाटेपासून चार हात लांब भिंतीवर, म्हणजे ज्याला उठता येतंय त्यालाच वाजवता येणार.

त्या ठिकाणचं दुसरं म्हणजे संध्याकाळी सहाला सगळ्यांना सरसकट डायपर घालायचे, चालता येणाऱ्यालाही, आणि सकाळी सहालाच काढायचे. आत्ती स्वतः बाथरूमला जात होती, तिथं गेल्यावर महिन्याभरात तिची सवयच मोडली. एका आजींचे तर हात ओढणीनं खाटेला बांधलेले मी बघितले. विचारलं तर म्हणे "पडतात हो, त्यांच्याच भल्यासाठी." पडू नये म्हणून खाट बुटकी करता येते, रात्रीचा मंद दिवा ठेवता येतो, पायात न घसरणारी चप्पल देता येते, झोपायच्या आधी बाथरूमला नेऊन आणता येतं. बांधणं किंवा झोपेच्या गोळ्या देऊन गप्प करणं हे माणसं कमी असल्याचं लक्षण आहे, मोठ्या माणसाला त्याच्या मनाविरुद्ध कोंडून ठेवणं तर कायद्यानं गुन्हा आहे. औषधांचा चार्ट मागा, कुठली गोळी कुणी सुरू केली आणि कशासाठी ते त्यात दिसलं पाहिजे, आणि हे विचारायचा हक्क राहणाऱ्यालाही आहे, नुसता नातेवाइकांना नाही.

अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर एकच गोष्ट बघा, पाठ आणि टाचा. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायला लागते, नाहीतर माकडहाडाजवळ, टाचेवर जखम होते. सुरुवातीला नुसता लाल डाग दिसतो, बोटानं दाबून सोडला तरी लालच राहिला तर समजायचं सुरू झालं, तेव्हाच बोला, जखम उघडल्यावर महिने लागतात. भरवताना आडवं ठेवून भरवत असतील तर लगेच थांबवा, घास अडकून श्वासनलिकेत जातो, बसवून भरवायचं आणि नंतर अर्धा तास बसूनच ठेवायचं.

जेवणाचं लई बारीक बघा. साडेपाचला जेवण आणि सकाळी साडेआठला नाष्टा असेल तर मधे पंधरा तास जातात, शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर मध्यरात्री उतरू शकते, म्हणून झोपताना दूध-बिस्किट देतात का विचारा. दातांची कवळी, चष्मा, कानाचं मशीन रोज कोण लावून देतं हेही विचारा, कारण कवळीशिवाय आत्ती भाकरी खात नव्हती आणि तिथं लिहून ठेवलं होतं "भूक कमी". (आणि काही ठिकाणी शुद्ध शाकाहारी सक्ती असते. आमच्या आत्तीला रविवारी मटणाचा पांढरा रस्सा लागतो म्हणजे लागतो, हे आधीच बोलून घेतलेलं बरं.)

बाकी मान राखणं म्हणजे फार मोठं काही नसतं. खोलीत यायच्या आधी दार वाजवणं, आंघोळ घालताना पडदा ओढणं, "ए आज्जे" न म्हणता नावानं किंवा काकू-आजी म्हणून बोलावणं, फोन बंद दाराआड बोलू देणं. भेटायची वेळ ठेवली तर चालेल, पण आठवड्यातून एकच तास म्हणत असतील तर मला शंका येते.

कोल्हापूरकरांनी एक जादा प्रश्न विचारायचाच, पूर आला तर? २०१९ आणि २०२१ ला आपण बघितलंय सगळं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, तर पाणी ३९ ला टेकल्यावर तुम्ही काय करणार, न चालणाऱ्यांना कुठं आणि कशातून हलवणार, औषधं किती दिवसांची असतात, जनरेटर आहे का. "आमच्याकडं येत नाही पाणी" हे उत्तर मी २०१९ च्या आधी पुष्कळ ऐकलंय.

पैशाचं तोंडी काही नको. महिन्याच्या रकमेत डायपर, औषधं, फिजिओथेरपी धरलीय का, सोडून गेलं किंवा माणूस वारलं तर डिपॉझिट किती दिवसांत परत, हे कागदावर घ्या. एटीएम कार्ड, पासबुक, मूळ आधार तिथं जमा करायचं नाही, झेरॉक्स द्या. पेन्शन असेल तर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायचा असतो, ते काम तुमचंच. आणि घर-जमीन कुणाच्या नावावर करताना सांभाळायची अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहून घ्या, कारण अट असेल आणि पाळली नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार ते रद्द करून घेता येतं.

त्याच कायद्यात ६० वर्षांवरच्या माणसाला पोटगी मागता येते, महिना १०,००० पर्यंत. मूलबाळ नसेल तर ज्याला त्यांची मालमत्ता वारसानं मिळणार त्या नातेवाइकाकडून (म्हणजे आमच्या केसमध्ये मीच, कायदा वाचताना कळलं). अर्ज प्रांत (उपविभागीय अधिकारी) ऑफिसात करायचा, वकील लावायची गरज नाही, निकाल ९० दिवसांत लागावा असं कायदा म्हणतो, आणि पटला नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडं अपील. म्हाताऱ्या माणसाला टाकून दिलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. वृद्धाश्रमात काही चुकत असेल तर आधी लेखी तक्रार द्या, पोच घ्या, तारखेसकट फोटो ठेवा. सल्ला हवा असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाईन सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते, मारहाण वगैरे असेल तर वाट बघायची नाही, सरळ ११२.

आम्ही आत्तीला तिथनं काढून दुसरीकडं ठेवलं. हे ठिकाण दिसायला साधं आहे, बाग नाही, पण रात्री आठला गेलो तर दोन मावश्या आणि एक नर्स व्हरांड्यात होत्या, आणि एक आजोबा त्यांच्याशी भांडत होते चहात साखर कमी म्हणून. तिथंच डिपॉझिट भरलं.

हां, कपड्यांवर आतल्या बाजूला नाव शिवून द्या, सगळ्यांचं धुणं एकत्र असतं. पहिल्या महिन्यात आत्तीची इरकल साडी शेजारच्या आजींच्या अंगावर होती आणि त्या काय ती परत द्यायला तयार नव्हत्या.