डीएनए रिपोर्टवरून ऑनलाइन थेरपी लागू पडेल का हे कसं बघायचं

डिप्रेशनसाठी ऑनलाइन सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) सुरू करायचीय, हातात डीएनए टेस्टचा रिपोर्ट आहे, मग साहजिकच वाटतं की थेरपीचा गुण येणार की नाही हे आधीच कळलं तर किती बरं. आधी रिपोर्टमध्ये नेमकं काय मोजलंय ते शोधा.

सीवायपी२डी६ किंवा सीवायपी२सी१९ अशी जीन्सची नावं दिसली तर तो भाग गोळ्यांचा आहे, शरीर औषध किती वेगात मोडतं एवढंच त्यातून कळतं, थेरपीशी त्याचा संबंध नाही. तो डॉक्टरांना दाखवा. सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर, म्हणजे मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन पेशीत परत नेणारं प्रोटीन, त्याच्या एकट्या जीनवरून कोणी थेरपीचं भाकीत सांगत असेल तर विसंबू नका, छोट्या अभ्यासांत तसं दिसलं होतं पण जास्त पेशंट घेतल्यावर ते टिकलं नाही.

मग उरतो पॉलिजेनिक स्कोर, म्हणजे डीएनएमधल्या हजारो बारीक फरकांची वजन लावून केलेली बेरीज. इथेच बहुतेकांची गल्लत होते. हा स्कोर सहसा डिप्रेशन होण्याचा कल सांगतो, आणि आजार होणं वेगळं, थेरपीने बरं वाटणं वेगळं! स्कोर जास्त आला म्हणून थेरपी सुरूच न करणारी माणसं बघितली की खरंच वाईट वाटतं. शिवाय असे स्कोर जास्त करून युरोपियन वंशाच्या लोकांच्या डेटावर बनलेत, बाकीच्यांना ते तितके लागू पडत नाहीत, त्यामुळे तुमचा कुठल्या डेटावरून काढलाय ते लॅबला विचाराच.

स्टॉकहोमच्या इंटरनेट सायकियाट्री क्लिनिकमध्ये २००८ ते २०१६ दरम्यान ऑनलाइन सीबीटी घेतलेल्या ८९४ पेशंटांचा अभ्यास २०२२ मध्ये छापून आला. जीन्स, वय, लक्षणं, अगदी ऑनलाइन फॉर्म भरायला किती वेळ लागला तेसुद्धा कॉम्प्युटरला दिलं, त्यातल्या ४५ गोष्टी धरून कोण बरं होईल याचा अंदाज काढला, तो साधारण ६६ टक्के वेळा बरोबर आला. सगळं एकत्र धरून एवढं, मग नुसत्या जीन्सवर किती भरवसा ठेवणार?

त्यापेक्षा हे करा. थेरपी सुरू करायच्या दिवशी पीएचक्यू-९, म्हणजे डिप्रेशनची लक्षणं मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरा (गुण जास्त म्हणजे लक्षणं जास्त), स्कोर तारखेसकट लिहून ठेवा. त्यातले प्रश्न मागच्या दोन आठवड्यांबद्दल असतात म्हणून पुन्हा दोन आठवड्यांनी आणि मग चौथ्या आठवड्यात भरा. सुरुवातीच्या या आठवड्यांतला फरक पुढचा अंदाज बराच चांगला देतो. ५ किंवा जास्त गुण कमी झाले तर गाडी रुळावर आहे, तसंच चालू ठेवा. आकडा हलला नाही किंवा वाढला तर कोर्स संपायची वाट बघू नका, थेरपिस्टला आकडे दाखवून सरळ विचारा की मेसेजऐवजी कॉलवर बोलता येईल का, गोळ्यांचा विचार करायचा का, की समोरासमोर थेरपी घ्यायची.

आणि नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का याला, शून्य सोडून काहीही उत्तर आलं तर चौथ्या आठवड्यापर्यंत थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांशी आणि घरातल्या कोणाशी तरी बोला.