बागेतल्या सेन्सर नोडना सेटिंग पाठवताना या चुका टाळा

स्क्रीनवर हिरवी खूण आली म्हणून नोडने (बागेत मोजमाप करून माहिती पाठवणाऱ्या छोट्या यंत्राने) सेटिंग घेतले, असे धरून चालू नका. ती खूण बहुतेक वेळा निरोप निघाल्याची असते, पोचल्याची नाही. दिंडोरी, निफाडकडच्या द्राक्षबागांत बॅटरीवर चालणारा लोरावॅन (कमी विजेत लांबवर निरोप पाठवायची रेडिओ पद्धत) नोड सहसा क्लास ए प्रकारचा असतो. स्वतः माहिती पाठवली की क्षणभर कान उघडे ठेवतो आणि परत झोपतो. तेवढ्यात निरोप हुकला की हुकला. म्हणून प्रत्येक नोडला दिवसातून एकदा तरी आपल्या सेटिंगचा आवृत्ती क्रमांक कळवायला लावा. सर्व्हरवर दोन रकाने ठेवा: आपल्याला हवा तो क्रमांक आणि नोडने सांगितलेला क्रमांक. जिथे जुळत नाहीत, तिथेच पुन्हा पाठवा. सरसकट सगळ्यांना पाठवत राहिलात तर गेटवे (नोडचे निरोप घेऊन सर्व्हरला देणारे यंत्र) बोलत असताना त्याला ऐकू येत नाही, आणि तेवढ्या वेळची रीडिंग गळतात.

एककाचा घोळ सर्वांत महागात पडतो. माहिती किती वेळाने पाठवायची त्या सेटिंगमध्ये मिनिटे समजून १५ टाकले आणि नोड सेकंद मोजत असेल, तर तो साठपट वेळा बोलू लागतो आणि बॅटरी बसते. सेटिंगच्या रकान्याच्या नावातच ‘सेकंद’ लिहा. ६० पेक्षा कमी आकडा नोडने स्वतःच नाकारावा. सर्व्हरवरची तपासणी पुरत नाही, घाईत कुणीतरी थेट कमांड टाकतोच.

फर्मवेअर (नोडच्या आतला मूळ प्रोग्राम) याच वाटेने पाठवायचा मोह आवरा. एसएफ १२ वर (लोरावॅनचा सगळ्यात लांब पोचणारा पण सगळ्यात सावकाश वेग) एका निरोपात जेमतेम ५१ बाइट मावतात. १०० केबीची फाइल म्हणजे सुमारे २,००० तुकडे. दर १५ मिनिटांना एक धरला तर तीन आठवडे. त्यापेक्षा क्लास सी मल्टिकास्ट (नोड सतत कान उघडे ठेवतात आणि एकच निरोप सगळ्यांना जातो) वापरा, नाहीतर सरळ बागेत जाऊन ब्लूटूथने टाका.

ईएसपी३२ वर (नोडमध्ये वापरतात ती एक चिप) दोन ओटीए पार्टिशन (जुनी आणि नवी आवृत्ती ठेवायच्या वेगळ्या जागा) ठेवून रोलबॅक, म्हणजे नवी बिघडली तर आपोआप जुनीवर परतणे, चालू करा. पण ‘नवी आवृत्ती ठीक आहे’ ही नोंद बूट होताच करू नका, नाहीतर रोलबॅक असून नसल्यासारखा. सर्व्हरशी एकदा बोलणे झाले, सेन्सरचे रीडिंग आले, मगच करा. आधी दोनच नोड: एक गेटवेजवळचा, दुसरा बांधावरचा, बॅटरी सगळ्यात कमी असलेला. सोलरवर असतील तर मधे एक रात्र जाऊ द्या. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी रोगावर लक्ष ठेवायचे दिवस असतात, तेव्हा अपडेटला हात लावू नका.

रेंजची चाचणी छाटणी झाल्या झाल्या घेतली तर ती फसवते. वेली उघड्या असतात, सिग्नल छान येतो. महिना-दीड महिन्याने मांडव भरला, त्यात पाने ओली, की कडेचे नोड गप्प होतात. मग लोक फर्मवेअरमध्ये चूक शोधत बसतात. आधी आरएसएसआय (सिग्नलची ताकद) आणि एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) पाहा, अँटेना मांडवाच्या वर घ्या.

दोन वायफाय नोड आळीपाळीने तुटत असतील तर एमक्यूटीटीचा (नोड आणि सर्व्हर यांच्यात निरोप देण्याघेण्याची पद्धत) क्लायंट आयडी, म्हणजे नोडची ओळख, तपासा. एकाच नोडची कॉपी मारून दुसरा बनवला की दोघांचा आयडी तोच राहतो, आणि ब्रोकर (निरोप वाटणारा सर्व्हर) नव्याला घेताना जुन्याला बाहेर काढतो. आयडी मॅक अ‍ॅड्रेसवरून (प्रत्येक चिपचा वेगळा क्रमांक) बनवा.