जुन्या वस्तीतल्या घरात बदल करायचाय? वारसा समितीची मंजुरी अशी मिळवा

खिडकीच्या झडपेची खालची पट्टी बोटानं दाबली की लाकूड आत जातं. पाऊस आला की पाणी चौकटीतून भिंतीत उतरतं. कोणीतरी सल्ला देतं, "सगळ्या खिडक्या काढा, तयार ॲल्युमिनियमच्या बसवा, दोन दिवसांचं काम." घर तुमचं, पैसेही तुमचे. तरी ती वस्ती ऐतिहासिक म्हणून जाहीर झालेली असेल, तर ती झडप उतरवण्याआधी स्थानिक पालिकेला विचारावं लागतं.

इथेच बहुतेक लोकांचा संताप होतो. माझाही झाला होता. पुढे अशा बऱ्याच फायली जवळून पाहिल्या आणि एक गोष्ट मनात पक्की बसली: प्रस्ताव वाईट असल्यामुळे अडकतो त्यापेक्षा उशिरा आणि अर्धवट कागदांनिशी गेल्यामुळे जास्त अडकतो. म्हणून हा लेख. नियमांचा तपशील गावोगावी वेगळा असतो, पण कामाची चाल जगभर बरीचशी सारखी आहे.

पायरी १ : घराला कोणतं संरक्षण आहे ते आधी शोधा

संरक्षण साधारण दोन प्रकारचं असतं. एक, तुमची इमारत स्वतंत्रपणे वारसा यादीत आहे. दोन, इमारत यादीत नाही, पण ज्या वस्तीत ती उभी आहे ती सगळी वस्ती संरक्षित आहे. कागदावर हा फरक छोटा वाटतो, प्रत्यक्षात फार मोठा पडतो. इंग्लंडमध्ये यादीतल्या इमारतीचा आतला जिना, कोरीव छत, जुनी शेकोटी हेही संरक्षणाखाली येतं, आणि परवानगीशिवाय त्यांना हात लावणं हा फौजदारी गुन्हा आहे. उलट अमेरिकेतल्या बहुतेक संरक्षित वस्त्यांमध्ये समिती घराचं बाहेरचं रूप पाहते, स्वयंपाकघर कसं करायचं ते तुमच्यावर सोडते. फ्रान्समध्ये आणखी वेगळी तऱ्हा. तिथे स्वतःचं घर साधं असलं तरी संरक्षित स्मारकापासून ५०० मीटरच्या आत असेल, तर सरकारी वास्तुविशारदाचं मत घ्यावं लागू शकतं.

नगर नियोजन विभागात जाऊन तीन गोष्टी मागा: संरक्षित क्षेत्राची हद्द दाखवणारा नकाशा, तुमच्या इमारतीची नोंद, आणि त्या वस्तीसाठी केलेली मार्गदर्शक तत्त्वं. तिसरी गोष्ट लोक मागतच नाहीत, आणि सगळ्यात उपयोगी तीच असते. खिडक्या, छपराचा उतार, दुकानांच्या पाट्या, कुंपण, सौर पॅनेल यांबद्दल समिती काय पाहणार आहे ते त्यात आधीच लिहिलेलं असतं. प्रश्नपत्रिका हातात मिळाल्यासारखंच आहे हे.

पायरी २ : काम देखभालीचं आहे की बदलाचं

तुटलेली फळी त्याच लाकडाची, त्याच मापाची बसवणं ही देखभाल. लाकडाच्या जागी प्लास्टिक आलं की बदल. पन्हळ साफ करणं ही देखभाल. तीच नव्या जागी, नव्या आकारात लावली की बदल. देखभालीला बऱ्याच ठिकाणी मंजुरी लागत नाही, किंवा अधिकारी आपल्या पातळीवरच ती देतात. न्यू यॉर्कमध्येसुद्धा बहुतेक अर्ज शहराच्या वारसा आयोगाच्या सुनावणीपर्यंत जात नाहीत, कर्मचारी पातळीवरच निकाली निघतात. तेव्हा "आमचं काम कोणत्या रांगेत बसतं?" हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी "करा हो, काही होत नाही" यावर भिंत फोडू नका.

पायरी ३ : आर्किटेक्टकडे जाण्याआधी घर नीट बघा

एक सकाळ काढून रस्त्याच्या पलीकडे उभे राहा. शेजारच्या घरांच्या ओळीत तुमचं घर काय जुळवून घेतं ते टिपा. छपराची उंची, खिडक्यांची उभी-आडवी मापं, दाराची जागा, सज्जा, कठडा, विटांचा रंग, दोन घरांमधली मोकळी जागा. समिती बघणार आहे तेही हेच. इंग्लंडमध्ये १९६७ च्या कायद्यानं संरक्षित वस्त्या ठरवायला सुरुवात झाली. एकेक इमारत सुटी न धरता तिच्या भोवतालासकट अख्खी वस्ती जपायची, हा विचार त्यामागे होता. प्रस्तावामुळे वस्तीचं स्वरूप टिकतं किंवा सुधारतं का, हीच तिथली कसोटी आहे. तुमची आवड चांगली की वाईट, हा प्रश्न समितीपुढे नसतोच.

मग फोटो काढा. समोरून, दोन्ही कोपऱ्यांतून, आणि जो भाग बदलायचा आहे त्याचे अगदी जवळून, बाजूला मोजपट्टी धरून. पालिकेच्या दप्तरात, ग्रंथालयात, शेजाऱ्यांच्या अल्बममध्ये जुने फोटो मिळतात का पाहा. जुना फोटो हा सगळ्यात भक्कम पुरावा. सज्जाचा कठडा पूर्वी कसा होता हे त्यात दिसलं, तर तो पुन्हा बसवायला मंजुरी सहज मिळते. पुरावा नसताना "असाच असेल" म्हणून नक्षी घडवणं समित्यांना मान्य नसतं. १९६४ च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे जुन्या वास्तू जपण्याच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांत, हे स्पष्ट आहे: जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापनेचं काम थांबलं पाहिजे.

पायरी ४ : आराखडा पक्का होण्याआधी अधिकाऱ्याला भेटा

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. हातानं काढलेलं रेखाटन आणि दहा-बारा फोटो घेऊन वारसा विभागाच्या अधिकाऱ्याला भेटा. आर्किटेक्टची फी भरून झाली, कंत्राटदाराला आगाऊ रक्कम दिली, खिडक्यांची ऑर्डर गेली, आणि मग आपण समितीपुढे गेलो, तर प्रत्येक सूचना अंगावर घाव घातल्यासारखी वाटते. रेखाटनाच्या वेळी तीच सूचना म्हणजे पेन्सिलीची एक रेघ असते.

या भेटीत विचारा: आधी असाच प्रस्ताव कोणी आणला होता का, त्याचं काय झालं? मंजूर झालेल्या फायली बऱ्याच ठिकाणी कोणालाही पाहता येतात. दोन गल्ल्या पलीकडे मागच्या बाजूला वाढवलेला मजला मंजूर झाला असेल, तर तो कसा आणि कोणत्या अटींवर झाला हे कळण्यासारखी मदत नाही.

पायरी ५ : दुरुस्ती आधी, बदली नंतर

आता त्या झडपेकडे वळू. अमेरिकेत 'इंटिरियर' खात्याच्या (राष्ट्रीय उद्यानं आणि सरकारी जमिनी सांभाळणारं खातं) मंत्र्यांच्या नावानं १९७० च्या दशकात जी मानकं आली, ती आज तिथल्या असंख्य स्थानिक समित्या वापरतात. त्यांचा गाभा सरळ आहे: खराब झालेला जुना भाग आधी दुरुस्त करा, दुरुस्तीपलीकडे गेला असेल तरच बदला, आणि बदलताना आकार, रंग, पोत जुन्याशी जुळता ठेवा. ऑस्ट्रेलियातल्या वारसा जतनाच्या बर्रा सनदेचं सांगणंही तेच: आवश्यक तेवढा बदल करा, पण शक्य तितका कमी.

म्हणून समितीपुढे जाण्याआधी एक-एक खिडकी तपासा. टोचा घेऊन लाकडात दाबा. कुठे पटकन आत जातो? बहुधा खालच्या आडव्या पट्टीत आणि उभ्या पट्ट्यांच्या शेवटच्या चार-पाच बोटांत, कारण पाणी तिथेच साचतं. वरचा भाग टणक असतो. जुन्या खिडक्यांचं लाकूड पुष्कळदा सावकाश वाढलेल्या झाडाचं, घट्ट रेषांचं असतं. तसं आज बाजारात सहज मिळत नाही. चांगला सुतार कुजलेला भाग तिरका कापतो, तसल्याच लाकडाचा तुकडा जोडतो, आणि खिडकी पुढची कित्येक वर्षं चालते. मी असा एक जोड जवळून पाहिला आहे. रंग चढल्यावर तो दिसत नव्हता, नखानं चाचपला तेव्हा सांधा लागला. वाऱ्याची तक्रार असेल तर फटीत पट्टी बसवता येते, आतून दुसरी काच लावता येते. दोन्ही पुढे काढून टाकण्याजोग्या असल्यामुळे समित्या त्यांना सहसा हरकत घेत नाहीत.

समजा घराला सोळा खिडक्या आहेत, तर सगळ्यांचा तक्ता करा: क्रमांक, फोटो, काय बिघडलं, काय करणार. त्यात तीन खरोखरच गेलेल्या निघाल्या आणि तुम्ही फक्त तीनच बदलायला मागितल्या, तर समितीला तुमच्याशी वाद घालायला जागाच उरत नाही.

भिंतींच्या बाबतीतही अशीच घाई नडते. जुनं विटकाम बहुधा चुन्यात केलेलं असतं. चुना विटेपेक्षा मऊ असतो आणि ओल बाहेर सोडतो. विटांमधल्या सांध्यांत, म्हणजे दरजांमध्ये, कडक सिमेंट भरलं की ओलीला वाट राहत नाही. ती विटेतूनच बाहेर पडू पाहते आणि काही वर्षांत विटेची दर्शनी बाजू पापुद्र्यांसारखी सुटते. वाळूचा मारा करून विटा "नव्यासारख्या" करणंही टाळा, कारण त्यात भट्टीत भाजलेला वरचा टणक थर निघून जातो. समितीनं "दरजा चुन्यात भरा" अशी अट घातली, तर ती तुमच्याच भिंतीच्या भल्याची आहे. गवंड्याला चुन्याचं काम येतं का, हे दर ठरवण्याआधी विचारा.

नवा मजला किंवा खोली वाढवायची असेल तर ती मागे, रस्त्यावरून न दिसेल अशी घ्या, आणि खोट्या जुनेपणाचा सोस धरू नका. नवीन काम जुन्याशी जुळावं, पण नवीन आहे हे ओळखू यावं, हे तत्त्व व्हेनिस सनदेपासून चालत आलं आहे.

पायरी ६ : अर्ज

मोजमापांसह सध्याचे आणि प्रस्तावित नकाशे, दर्शनी बाजूची रेखाटनं, फोटो, साहित्याचे नमुने, आणि एका पानाचं टिपण: काय करायचं आहे, का करायचं आहे, आणि दुसरा कोणता मार्ग तुम्ही तपासून बाजूला ठेवला. नकाशात खिडकीच्या चौकटीची जाडीसुद्धा द्या. ती दोन बोटांनी वाढली की सगळा दर्शनी भाग जड दिसतो, आणि समितीतल्या जाणकाराचं लक्ष पहिल्यांदा तिकडेच जातं. पोचपावती आणि आवक क्रमांक घ्या. वारसा मंजुरी आणि बांधकाम परवानगी या बऱ्याच ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मिळाली म्हणून दुसरी मिळाली असं धरू नका.

पायरी ७ : शेजारी आणि सुनावणी

हरकतींची नोटीस दारावर लागण्याआधी तुम्ही स्वतः शेजाऱ्यांकडे नकाशे घेऊन जा. त्यांची धास्ती बहुधा उजेड, आवाज आणि धूळ यांची असते, वारशाची नव्हे, आणि तिचं उत्तर तुम्हीच देऊ शकता.

सुनावणीत कमी बोला. पाच-सात मिनिटं पुरतात. "माझं घर आहे, मला हवं ते करीन" हा मुद्दा तिथे चालत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये न्यू यॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या खटल्यात ते ठरवून टाकलं. मालक कंपनीला स्थानकावर उंच मनोरा बांधायचा होता, आयोगानं नाकारला, आणि न्यायालयानं ६ विरुद्ध ३ मतांनी शहराची बाजू उचलून धरली. तो आयोग मुळात उभा राहिला तोही एका हानीनंतर. त्याच शहरातलं जुनं पेनसिल्व्हेनिया स्थानक १९६३ पासून पाडायला घेतलं, लोक हळहळले, आणि १९६५ मध्ये कायदा आला. समितीच्या टेबलापलीकडे बसलेल्या माणसांच्या मनात अशा गेलेल्या इमारती असतात. हे ध्यानात ठेवून बोललात तर तुमच्याही शब्दांना वेगळा सूर येतो.

सदस्यानं सूचना केली तर लगेच नाही म्हणू नका. "हे तपासून पुढच्या बैठकीत आणतो" असं म्हणता येतं. पुढे ढकललेला अर्ज फेटाळलेल्या अर्जापेक्षा कधीही बरा.

पायरी ८ : निकाल आणि त्यानंतर

बहुतेक वेळा मंजुरी अटींसह येते. अटी आर्किटेक्टच्याच नव्हे, कामावरच्या सुताराच्या आणि गवंड्याच्याही हातात छापून द्या. कंत्राटात त्या घाला. नकार आला तर कारणं लेखी मागा, अपिलाची मुदत कॅलेंडरवर खूण करून ठेवा, पण आधी सुधारित प्रस्ताव घेऊन पुन्हा जाता येतं का ते विचारा. पैशाची खरीच अडचण असेल तर ती लपवू नका. अनेक कायद्यांत आर्थिक अडचणीची वेगळी तरतूद असते, आणि काही पालिका दुरुस्तीला अनुदान किंवा करसवलत देतात. त्यासाठी दुरुस्ती आणि बदली या दोन्हींची अंदाजपत्रकं जोडावी लागतात.

काम सुरू झाल्यावर गिलावा निघतो आणि मागे बुजवलेली कमान दिसते, किंवा तुळईचं टोक कुजलेलं निघतं. मग काम तिथेच थांबवा, फोटो काढा, त्याच दिवशी अधिकाऱ्याला कळवा. मंजूर नकाशापेक्षा वेगळं काही आपल्या मनानं करून टाकलं, तर झालेलं काम पुन्हा पाडायची वेळ येऊ शकते.

काम संपलं की त्याच जागांवरून, त्याच कोनांतून पुन्हा फोटो घ्या आणि मंजुरीच्या फायलीत लावा. आणि कुजलेल्या झडपेचा कापलेला एक तुकडा, कडेची गोलाई शाबूत असलेला, चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवा. पुढच्या वेळी सुताराला मापासाठी तोच लागेल.