सोनकीचं बी रुजेना, शेवटी जळक्या गवताचं पाणी कामी आलं

सिंहगडाच्या पायथ्याला मित्राचं शेत आहे, त्याने बांधावरच्या सोनकीचं, म्हणजे पिवळ्या रानफुलाचं, बी दिलेलं, दोन पावसाळे कुंडीत टाकलं पण एक कोंब येईल तर शपथ. मग वाचलं की जळक्या गवतात, धुरात कॅरिकिन नावाचं द्रव्य असतं, ऑस्ट्रेलियात २००४ साली ओळखलेलं, आणि ते बऱ्याच रानबियांना जागं करतं. यंदा डब्यात सुकं गवत जाळलं, काळं होईपर्यंतच हां, पांढरी राख नको, तिच्यातल्या क्षारानं बी बिघडतं. ते चुरून रात्रभर पाण्यात ठेवलं, गाळलं, दहापट पाणी घातलं कारण कडक असलं तर बी उलट दबतं. निम्मं बी त्यात भिजवलं, निम्मं साध्या पाण्यात. धुराच्या पाण्यातले ११ कोंब आले, साध्यातले फक्त २, लगेच आईला व्हिडिओ कॉल लावून दाखवले!