मिस्टरी शॉपिंगचे जेवण खरोखर फुकट असते का?

सामान्य ग्राहकासारखे रेस्टॉरंटमध्ये जाऊन जेवायचे, तिथल्या सेवेची गुपचूप तपासणी करायची, बिलाची रक्कम नंतर परत मिळवायची आणि वर थोडे मानधनही घ्यायचे, असे मिस्टरी शॉपिंगचे वर्णन कोणी केले की ते काम हवेहवेसे वाटणे साहजिक आहे. नोकरी सांभाळून जोडकाम म्हणून मी ते बरीच वर्षे करत आले आहे, आणि नव्याने विचारणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे असते की, जेवण हा या कामातील सर्वांत लहान भाग आहे. खरे श्रम जेवणाआधी सूचना वाचण्यात आणि जेवणानंतर अहवाल लिहिण्यात जातात. त्यामुळे हे काम परवडते की नाही, हे ताटात काय आले यापेक्षा तुम्हाला लिहायला किती वेळ लागतो यावरच ठरते.

कामाची रचना साधी आहे. रेस्टॉरंट चालवणारी साखळी आपल्या शाखांची तपासणी एखाद्या मिस्टरी शॉपिंग कंपनीकडे सोपवते आणि ती कंपनी ठिकठिकाणच्या नोंदणीकृत शॉपरांना, म्हणजे ग्राहक बनून तपासणी करणाऱ्यांना, असाइनमेंट (एकेका भेटीचे काम) देते. शॉपर कंपनीचा कर्मचारी नसतो, तो स्वतंत्रपणे काम करणारा असतो. म्हणून प्रवासखर्च, फोनचा खर्च आणि मिळालेल्या मानधनावरील कराची जबाबदारी बहुतेक वेळा त्याच्याकडेच राहते. ही पद्धत नवी नाही. अमेरिकेत १९४० च्या दशकातच ती रुळली होती आणि सुरुवातीला तिचा मुख्य उपयोग कर्मचाऱ्यांचा प्रामाणिकपणा तपासण्यासाठी होत असे. त्याची खूण अजूनही काही असाइनमेंटमध्ये सापडते: बारमध्ये रोख पैसे द्यायला सांगतात आणि ती रक्कम मशीनवर नोंदवली गेली का, पावती मिळाली का, याकडे लक्ष ठेवायला सांगतात.

टेबलावर बसल्यावर काय करावे लागते, हे एकदा बारकाईने पाहणे आवश्यक आहे. दारात पाऊल ठेवल्यापासून कोणी स्वागत करेपर्यंत किती वेळ गेला, टेबल मिळाल्यावर वेटर किती मिनिटांत आला, पेये कधी आली, मुख्य पदार्थ कधी आला, तो आल्यावर ‘सर्व ठीक आहे ना’ असे विचारायला कोणी फिरकले का, आणि बिल मागितल्यापासून ते हातात पडेपर्यंत किती वेळ लागला, या प्रत्येक टप्प्याची वेळ नोंदवायची असते. वेटरने एखादा जास्तीचा पदार्थ किंवा गोड पदार्थ स्वतःहून सुचवला का, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक प्रश्नावलीत असतो. कर्मचाऱ्यांची नावे बिल्ल्यावरून किंवा पावतीवरून टिपायची, आणि नाव मिळाले नाही तर उंची, केस, चष्मा असे सभ्य भाषेतील वर्णन करायचे. स्वच्छतागृहात साबण होता का, फरशी कोरडी होती का, हेही पाहायचे. हे सर्व कोणाच्या लक्षात न येता करायचे असल्यामुळे वही काढता येत नाही. मी स्वतःलाच छोटे संदेश पाठवते, कारण फोनमध्ये डोके घातलेल्या ग्राहकाकडे हल्ली कोणीही संशयाने पाहत नाही आणि संदेशावर वेळ आपोआप उमटते. पदार्थाचे छायाचित्रही असेच कामी येते. सोबत येणाऱ्याला मात्र आधीच कल्पना द्यावी, कारण ऐन गप्पांच्या मध्ये आपले लक्ष सतत घड्याळाकडे जाते आणि ते प्रत्येकाला रुचतेच असे नाही.

घरी आल्यावर अहवाल लिहायचा असतो आणि त्यासाठी बहुधा त्याच रात्रीची किंवा दुसऱ्या दिवसाची मुदत असते. प्रश्नावलीत ‘हो’ किंवा ‘नाही’ असे पर्याय असतात; पण जिथे ‘नाही’ आले तिथे कारण लिहावे लागते आणि शेवटी संपूर्ण भेटीचे वर्णन सलग गद्यात द्यावे लागते. नवे लोक इथेच अडखळतात. ‘वेटर उद्धट होता’ असे लिहिले तर अहवाल तपासणारा कंपनीचा एडिटर तो परत पाठवतो, कारण ते तुमचे मत झाले. ‘ऑर्डर घेताना वेटरने एकदाही वर पाहिले नाही, आणि पदार्थ तिखट आहे का असे विचारल्यावर मेनूत लिहिले आहे एवढेच उत्तर दिले’ असे लिहिले तर ते चालते, कारण त्यातून काय घडले ते कळते आणि निष्कर्ष वाचणाऱ्यावर सोपवला जातो. वर्णनातील वेळा आणि वरची उत्तरे एकमेकांशी जुळलीच पाहिजेत. या सर्वाचा एक गमतीदार परिणाम असा की, सेवा जितकी वाईट तितका अहवाल लांबत जातो, आणि मग तपासणीला गेलेला शॉपरच मनोमन रेस्टॉरंटच्या यशाची प्रार्थना करू लागतो. तरीही जे घडले ते पदरचे काही न घालता लिहावे, कारण त्या अहवालावर कोणाचा तरी बोनस किंवा कोणाला तरी बसणारी बोलणी अवलंबून असू शकतात.

आता पैशाचा हिशोब पाहू. परताव्याला कमाल मर्यादा असते, आणि काय काय मागवायचे हे सूचनांमध्ये ठरलेले असते. समजा मर्यादा १०० आहे, सक्तीचे पदार्थ आणि टिप धरून बिल १३० झाले आणि मानधन १५ आहे. तर तुम्ही खिशातले १५ घालून वर दोन तास अहवाल लिहिलेला असतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच प्रकार. पैसे हातात यायला अनेकदा महिना-दोन महिने लागतात आणि तोवर खर्च तुमच्याच खात्यातून झालेला असतो. पावतीचे छायाचित्र राहिले, ठरवून दिलेल्या वेळेआधी पोहोचलात किंवा सक्तीचा एखादा पदार्थ मागवला नाही, तर अहवाल नाकारला जाऊन परतावाही मिळत नाही आणि मानधनही नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, परतावा ही कमाई नव्हे. १०० किमतीचे जेवण मिळाले म्हणून आपण १०० कमावले असे मानणे चुकीचे आहे. एरवी त्या संध्याकाळी जेवणावर तुम्ही ४० च खर्च केले असते, तर तुमच्या दृष्टीने त्या जेवणाचे मोल ४० इतकेच आहे. त्यात मानधन मिळवा, प्रवास व मर्यादेवरचा खर्च वजा करा आणि उरलेल्या रकमेला सूचना वाचण्यापासून अहवाल पाठवेपर्यंतच्या एकूण तासांनी भागा. येणारा आकडा पुष्कळांना निराश करतो.

माझे मत विचाराल तर, काउंटरवर ऑर्डर देऊन पटकन खाण्याची ठिकाणे नवख्यासाठी सर्वांत चांगली. भेट अर्ध्या तासात आटोपते, प्रश्न ठरावीक असतात आणि जागा रोजच्या वाटेवर असेल तर प्रवासही वाचतो. उंची रेस्टॉरंटमध्ये आरक्षणाच्या फोनपासून बार, टेबल आणि मॅनेजरपर्यंत सर्वांची नोंद करावी लागते व अहवाल पानेच्या पाने होतो. पण जिथे स्वतःच्या खर्चाने आपण सहसा गेलो नसतो तिथला अनुभव मिळतो, म्हणून लिहिण्याची आवड असणाऱ्याला ते काम पटते. तोट्याची असतात ती मधली, कुटुंबासह जाण्याजोगी रेस्टॉरंटे. तिथे अहवाल जवळपास तितकाच मोठा लिहावा लागतो आणि मानधन मात्र नाममात्र असते, शिवाय मुलांना नेण्याची परवानगी नसेल तर संध्याकाळची वेगळी व्यवस्था करावी लागते.

नोंदणी करताना सावध राहावे. खरी कंपनी नोंदणीसाठी शुल्क मागत नाही. आधी मोठ्या रकमेचा चेक पाठवून, ‘तो खात्यात भरा, थोडी रक्कम ठेवून घ्या आणि उरलेली पुढे पाठवा किंवा तिची गिफ्ट कार्डे घ्या’ असे कोणी सांगितले तर ती फसवणूकच समजावी. चेक खोटा असल्याचे बँकेला काही दिवसांनी कळते आणि तोवर तुम्ही पाठवलेले पैसे गेलेले असतात. या व्यवसायातील कंपन्यांची एमएसपीए ही संघटना १९९८ मध्ये स्थापन झाली; समोरची कंपनी तिची सदस्य आहे का, हे पाहता येते. सदस्य नसलेली प्रत्येक कंपनी खोटीच असते असे नाही, पण अशा वेळी चौकशी अधिक कसून करावी.

एकाच शाखेत लगेच पुन्हा जाता येत नाही, मध्ये काही महिने सोडावे लागतात. त्यामुळे एकाच कंपनीच्या भरवशावर नियमित काम मिळत नाही आणि तीन-चार ठिकाणी नोंदणी ठेवावी लागते. तसेच महिनाअखेरीस न उचललेल्या असाइनमेंट उरल्या की, वेळापत्रक सांभाळणारी व्यक्ती स्वतःहून फोन करते आणि मानधनात बोनस वाढवून देते. पहिल्या काही अहवालांना कंपनीकडून चांगले गुण मिळालेले असले तर अशा वेळी तुमचे नाव यादीत वर असते, आणि तेव्हा दर विचारूनच हो म्हणावे.